पिकअपच्या पॅनेलमागून वायर नेताना: आत काय असतं आणि काय सांभाळायचं

उन्हाळा लागला की 'महामार्गावर धावत्या गाडीने घेतला पेट' ही बातमी ठरलेली. शेवटच्या ओळीत 'प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट' एवढंच लिहिलेलं असतं. कुठली वायर शॉर्ट झाली, ती कंपनीची होती की नंतर कुणी टाकलेली, ती कशाला घासत होती, हे वाचायला मिळत नाही. पिकअप चालवणाऱ्या माणसाला खरी गरज असते ती याच माहितीची.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पहाटे गुळाचे रवे उतरवायला लागलेल्या पिकअपच्या केबिनमध्ये डोकावून बघा. कंपनीनं दिलेल्या गाडीत मालकानं किती भर घातलेली असते! काचेवर डॅशकॅम, डॅशबोर्डाखाली जीपीएस, मोबाइलचे दोन चार्जर, टेप, छोटा पंखा, जोतिबाच्या फोटोवर निळी एलईडी पट्टी, टपावर जादा दिवे, मागं कॅमेरा. प्रत्येक वस्तूची एक वायर. पूर्वी त्या लोंबकळायच्या. आता प्रत्येकाला वाटतं, 'वायर दिसता कामा नये.' वाटणं योग्यच आहे. लोंबती वायर गिअरच्या दांड्यात अडकते, पायात येते. पण आतलं पॅनेल काढून वायर लपवणं म्हणजे नक्की काय, हे बहुतेकांना कुणी समजावलेलं नसतं. ते इथं सांगतो.

आमच्या गाडीत काय झालं

आमच्या घरची पिकअप भाजी घेऊन गगनबावड्यावरून कोकणात उतरायची. टपावरच्या दोन दिव्यांसाठी एकानं बॅटरीपासून वायर ओढून दिली होती. वायर कुठंच दिसत नव्हती, काम झकास वाटलं. सातआठ महिन्यांनी भुईबावडा घाटात, पावसात, केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला. भावानं गाडी कडेला घेतली आणि १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढली. तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरमन मामांनी ड्रायव्हरची सीट काढली. वायर चटईखालून, सीटच्या सरकपट्टीला लागून नेलेली होती. सीट मागंपुढं सरकवताना पट्टीची धार रोज तिच्यावर घासत होती. बोटाच्या पेराएवढं तांबं उघडं पडून काळंनिळं झालेलं. वरचं प्लास्टिक करपलेल्या गुळासारखं घट्ट होऊन चटईला चिकटलेलं. मामांनी बॅटरीपर्यंत वायर तपासली आणि मान हलवली. "फ्यूजच न्हाई की रं हिला."

तेव्हापासून वायरिंगचं काम मी समोर उभं राहून करून घेतो, आणि जमेल तेवढं स्वतः करतो.

वीज वायरीतून वाहते म्हणजे काय

घरावरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच तितका दाब, तो व्होल्ट. पाइपातून किती पाणी वाहतं, ते अँपिअर. गॅरेजमध्ये त्याला नुसतं अँप म्हणतात. दाब आणि प्रवाह मिळून जे काम होतं ते वॅट. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची. दिव्यावर लिहिलेले वॅट भागिले १२ केलं की अँप निघतात. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, म्हणजे सव्वानऊच्या आसपास अँप.

घरात २३० व्होल्ट असतात, म्हणून ११० वॅटला तिथं अर्धा अँपही लागत नाही. इथंच लोकांची गफलत होते. '१२ व्होल्टनं शॉक बसत नाही, मग काळजी कसली?' शॉक बसत नाही हे खरं. पण दाब कमी असल्यामुळं तेवढ्याच कामाला प्रवाह जवळजवळ वीसपट लागतो, आणि वायर तापते ती प्रवाहानं.

बारीक वायर का चालत नाही, हे कालव्यावरच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाट अरुंद असला की टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही. बॅटरीपासून टपापर्यंत वळणं धरून पाच मीटर वायर लागते असं समजा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर या दोन दिव्यांसाठी वाटेतच दीड व्होल्ट खर्ची पडतो. दिवे मिणमिणतात आणि वायर चौदा-पंधरा वॅटची उष्णता सोडत राहते. उघड्यावर ती हवेत निघून जाते. चटईखाली वेटोळं करून दाबलेली असेल तर तिथंच साठते. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेतली घट एक तृतीयांश व्होल्टच्या आत राहते. लपवायची वायर उघड्या वायरीपेक्षा जाड घ्यायची ती यासाठी.

वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ते घेऊ नका. घरातली उरलेली वायरही नको. ती साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते, आणि इंजिनशेजारी किंवा एप्रिलच्या उन्हात तापलेल्या डॅशबोर्डामागं ती मर्यादा फार लांब राहत नाही. ऑटो वायर मागितली की वेगळी मिळते.

फ्यूज कुणाला वाचवतो?

बहुतेकांचं उत्तर असतं, 'दिव्याला' किंवा 'टेपला'. खरं तर फ्यूज वायरीला वाचवतो.

शॉर्टसर्किट म्हणजे विजेला दिव्यातून न जाता परतीची जवळची वाट सापडणं. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हची उघडी वायर पत्र्याला टेकली की मध्ये अडवायला काहीच उरत नाही. डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी दोनशेच्या वर अँप देते. तेवढा लोंढा बारीक वायरीत घुसला तर ती काही क्षणांत लाल होते. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह आला की आधी तो वितळतो आणि वाट बंद होते.

म्हणून फ्यूज बॅटरीजवळ हवा. टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला तर पुढं पाइप कुठंही फुटला तरी पाणी थांबतं; नळाजवळचा बंद करून काय उपयोग? बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कायम उघड्यावर असल्यासारखाच असतो, तो वीतभर ठेवा. पुष्कळ ठिकाणी फ्यूज डॅशबोर्डाखाली, 'हाताशी येईल असा' बसवतात. मग बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर, म्हणजे नेमकी इंजिनशेजारून आणि पत्र्याच्या भोकातून आलेली, राखणीविना राहते.

फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: लाल १० अँप, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आपल्या दोन दिव्यांना अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि निळा फ्यूज पुरतो. निळा उडाला म्हणून हिरवा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हे थांबलं पाहिजे. फ्यूज का उडाला ते शोधायला एक तास लागेल, तो द्या.

रिले, म्हणजे पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचा भाऊ

नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीला स्टार्टर असतो. हिरवं बटण बोटानं दाबायचं, आतला चुंबक पट्टी ओढतो आणि पाच एचपीची मोटार चालू. बोटाखालच्या बटणातून मोटारीचा सगळा प्रवाह जात नाही. गाडीतला रिले तसाच. डॅशबोर्डवरच्या बटणाकडं बारीक वायर, जेमतेम चुंबक ओढण्यापुरता प्रवाह. जाड वायर बॅटरी-रिले-दिवे अशी बाहेरच्या बाहेर. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ आणि ८६ हे चुंबकाचे. रिले इंजिनच्या बाजूला बसवला की बटणासाठी केबिनमध्ये बारीक वायरच आणावी लागते. लपवायचं ओझं तिथंच निम्मं होतं.

पॅनेलच्या मागं काय असतं

केबिनचा आतला भाग म्हणजे पत्रा आणि त्यावर क्लिपांनी दाबून बसवलेलं प्लास्टिक. यालाच ट्रिम किंवा पॅनेल म्हणतात. दरवाजाच्या उंबऱ्यावरची पट्टी, पायाशेजारचा कोपरा, समोरच्या काचेच्या कडेचा खांब (ए पिलर), सीटबेल्टचा खांब (बी पिलर) आणि छताचं अस्तर. एका केबिनच्या मालवाहू पिकअपमध्ये यातलं बरंच नसतं, खांबाचा पत्रा उघडाच दिसतो. दोन केबिनच्या, म्हणजे मागं सीटची दुसरी ओळ असलेल्या गाडीत सगळं झाकलेलं.

उंबऱ्याची पट्टी उचलली की कंपनीचा वायरींचा जुडगा दिसतो. तो घारीच्या नजरेनं बघा. कापडी टेप गुंडाळलेली, हातभर अंतरावर पत्र्याला अडकवलेली, धार आली तिथं स्लीव्ह, म्हणजे वरून नळी, चढवलेली. सीटची सरकपट्टी, पेडल, हँडब्रेकची केबल, स्क्रूचं टोक यांच्यापासून तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो. गाडी बनवणाऱ्यांनी खूप विचार करून आखलेली ती वाट आहे. आपली वायर त्याच वाटेनं, त्याच जुडग्याला टाय मारून न्यायची. आमच्या गाडीच्या वायरीला हीच वाट मिळाली असती तर भुईबावड्याचा प्रसंग आला नसता. उंबरा सीटपासून वीतभर अंतरावरच होता. पॅनेल उचलायचा कंटाळा केला आणि वायर चटईखाली सारली, एवढंच घडलं होतं.

पिवळा कपलर दिसला की हात मागं

पॅनेलमागं पिवळा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) किंवा पिवळी स्लीव्ह दिसली तर ती एअरबॅगची किंवा अपघातात सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची असते. तिला टाका मारायचा नाही, म्हणजे तिच्यातून दुसरी वायर जोडून घ्यायची नाही; वायरीत वीज आहे का ते बघायच्या टेस्टलॅम्पचं टोकही टोचायचं नाही. टेस्टलॅम्पच्या दिव्यातून जाणारा प्रवाहही एअरबॅग उडवायला पुरेसा ठरू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावरही या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून. किती मिनिटं थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या आणि तेवढं थांबाच.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलसारख्या दोन केबिनच्या पिकअपमध्ये पडदा एअरबॅग येते. ती छताच्या कडेला आणि ए पिलरच्या वरच्या भागात चटईसारखी गुंडाळून ठेवलेली असते. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती प्लास्टिक बाजूला सारून खाली येते. डॅशकॅमची वायर तिच्यावरून, म्हणजे प्लास्टिक आणि एअरबॅग यांच्या मधून गेली असेल, तर ती आडवी येते. वायर एअरबॅगच्या मागून, पत्र्याच्या बाजूनं, कंपनीच्या जुडग्याला बांधूनच न्यायची. खांबावर एअरबॅगची अक्षरं कोरलेली असतील तर पहिल्यांदा करणाऱ्यानं तो खांब उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणत्याकडून करून घ्या, आणि वायर कुठून गेली ते दाखवायला सांगा.

पॅनेल मोडू न देता काढणं

यात ताकद लागत नाही, सबुरी लागते. दरवाजाची रबरी बीडिंग हातानं ओढली की निघते. मग उंबऱ्याची पट्टी एका टोकाकडून, क्लिपेच्या जितकी जवळ पकडता येईल तितकी जवळ पकडून सरळ वर उचलायची. कोपऱ्याच्या पॅनेलला बहुधा एखादा स्क्रू किंवा प्लास्टिकची चकती असते. अडलं की आणखी जोर न लावता तो स्क्रू शोधायचा. स्क्रूड्रायव्हर घातला की पत्र्यावर ओरखडा उठतो आणि पावसाळ्यात तिथंच गंज धरतो. त्यापेक्षा प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा, नसेल तर चमच्याला कापड गुंडाळून चालतं. डिसेंबरच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं, कट्कन मोडतं. गाडी अर्धा तास उन्हात ठेवून मग हात घाला. एकदोन क्लिपा तुटतीलच. त्या सुट्ट्या मिळतात, आधीच आणून ठेवा. तुटलेल्या क्लिपेवर पॅनेल तसंच दाबलं तर ते खडखडतं, आणि त्या खडखडाटात मागची वायर घासत राहते.

जोड शक्यतो पॅनेलमागं ठेवू नका. ठेवावाच लागला तर पिळा मारून टेप गुंडाळलेला नको. उन्हानं टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते. थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून वर उष्णतेनं आक्रसणारी स्लीव्ह चढवलेला जोड टिकतो. अर्थ घेताना, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडताना, रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर बोल्ट घट्ट करा. दिवे लुकलुकण्याच्या निम्म्या तक्रारी मला तरी या एका बोल्टपाशी सापडल्या आहेत.

इंजिनकडून आत येताना आणि हौद्याकडं जाताना

इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला भोकं असतात आणि त्यांत रबरी बूच, म्हणजे ग्रोमेट. वायर त्याच बुचातून आणायची. नवं भोक पाडलंच तर नवं बूच हवंच, कारण पत्र्याची कड सुरीसारखी असते. आणखी एक गोष्ट गगनबावड्याच्या पावसात शिकायला मिळते: पाणी वायरीवरून ओघळत आत येतं. खांबावरून घरात येणारी वायर आत शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन घेतात, तशीच इथंही घ्या. पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.

मागच्या कॅमेऱ्याची वायर चासीच्या आतल्या अंगानं, कंपनीच्या जुडग्यासोबत, नागमोडी प्लास्टिक पाइपातून न्यायची. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट (मागची चाकं फिरवणारा दांडा) आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यापासून लांब. उसाच्या फडाशेजारी किंवा यार्डात गाडी रात्रभर उभी राहत असेल तर उंदीर येतात. पाइपाचा त्यांच्यापासूनही थोडा आडोसा होतो.

'माल वाहायची गाडी, एवढं कशाला?'

हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. उत्तर असं की मालवाहू गाडीच जास्त हादरते, जास्त तापते आणि जास्त तास चालते. दोन दिव्यांच्या कामाला फ्यूज, रिले, बरी वायर, पाइप आणि थिंबल धरून जो खर्च येतो, तो एका दिवसाच्या बुडालेल्या भाड्यापेक्षा क्वचितच जास्त असतो.

'माझा डॅशकॅम चार-पाच वॅटचा, त्याला काय होतंय?' दिवसा काही होत नाही. पण गाडी उभी असतानाही चित्रीकरण चालू राहावं म्हणून तो थेट बॅटरीवर जोडतात. पाच वॅट चोवीस तास चालले म्हणजे बॅटरीतून दिवसाला साधारण १० अँपिअर-तास (अँप गुणिले तास) जातात. गाडी गणपतीत चार दिवस दारात उभी राहिली की डिझेल इंजिन फिरवायला बॅटरीत दम उरत नाही. व्होल्ट ठरावीक पातळीखाली आले की आपोआप बंद करणारा किट घ्या, नाहीतर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवर जोडा.

'वॉरंटी जाईल का?' पूर्ण वायरिंगची वॉरंटी अडचणीत येते ती कंपनीची वायर कापून टाका मारल्यावर. स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र वायर आणि काढता येणारे कपलर असतील तर बोट दाखवायला जागा कमी राहते. तरी अटी कागदावरच वाचून घ्या. विम्यात नंतर बसवलेली इलेक्ट्रिक साधनं वेगळी दाखवून त्यांचं मूल्य पॉलिसीत घालून घेता येतं. बिलं जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंटला स्वतःहून सांगा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. चार्जरची वायर लपवणं त्यात येत नाही, पण टपावरच्या प्रखर दिव्यांना पासिंगला हरकत घेतली जाऊ शकते. व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी असतं, म्हणजे हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येणार. आणि घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा दिवा वायरिंग कितीही उत्तम असलं तरी लावू नये.

पॅनेल बंद करण्याआधी

सगळं जोडून झालं, निगेटिव्ह शेवटी लावली, की लगेच पॅनेल दाबू नका. सगळे दिवे, पंखा, टेप एकदम चालू करून पंधरा मिनिटं थांबा आणि वायरीवरून हात फिरवा. कोमट लागली तरी वायर बारीक आहे असं समजा. सीट पूर्ण मागं-पुढं सरकवून बघा, स्टिअरिंग दोन्हीकडं वळवा, तिन्ही पेडल दाबा, दरवाजा लावून बघा. मग उघड्या वायरींचे मोबाइलवर फोटो काढा.

फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठीही चिकटवा. आमच्या गाडीत मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली आहे. पेनाची शाई आता फिकी झाली, पण वाचता येते: 'टपाचे दिवे, १५ अँप, बॅटरीजवळ. वायर डाव्या उंबऱ्यातून. जोड नाही.' मागच्या पावसाळ्यात रात्री एकच दिवा बंद पडला, तेव्हा भावानं घाटमाथ्यावर टॉर्च लावून ती वाचली, टपावरचा कपलर उघडून पुसला आणि दहा मिनिटांत गाडी पुढं निघाली.